पहिली नोकरी

आदरणीय सर, बाई आणि १९९६च्या दहावीच्या माझ्या सोबत्यांनो,

सॉफ्टवेअरमधल्या गमतीजमती सांग, असं संयोजकांनी मला सांगितलं होतं. त्या जेवताना सांगेन.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४च्या भारतविषयक रोजगार अहवालात एक आकडा आहे. २०२२ साली लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी ३.४ टक्के होती, पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. म्हणजे शिकणं वाया गेलं असं नव्हे. ज्याच्या घरी चुलीचीच पंचाईत, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर पदवीला साजेशा कामाची वाट बघतो, आणि तशी कामं थोडी.

वाट बघणं मला ठाऊक आहे. डॉटकॉम कंपन्यांच्या पडझडीनंतर, २००२ला मी इंजिनिअर झाले तेव्हा हातात नेमणुकीचं पत्र होतं, पण रुजू व्हायची तारीख नव्हती. आठ महिने आई शेजारी सांगत होती, "येईल हो तारीख."

आता मी टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेते. बायोडेटात सर्टिफिकेटांची रांग असते, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बऱ्याचदा विकतचा. "हा भाग असा का केलास?" विचारलं की मुलगा खाली बघतो. तो ढ नसतो हो, त्यानं कामाची जागाच पाहिलेली नसते. दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममधली चूक कशी शोधायची, साहेबांना "आज होणार नाही" कसं सांगायचं, हे कामावरच कळतं. आणि जाहिरातीत मात्र नवख्याकडेही अनुभव मागतात!

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१पासून आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील तर उमेदवार घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे व्यवसाय या दुसऱ्या गटातले.

म्हणून आज वर्गणी मागत नाही. ज्यांचं वर्कशॉप, छापखाना, ऑफिस आहे, त्यांनी आपल्या शाळेतून गेलेल्या आणि शिक्षण संपवून घरी बसलेल्या एका मुलाला किंवा मुलीला सहा महिने हाताखाली घ्या. विद्यावेतन द्या, फुकट राबवू नका. बाकीच्यांनी निदान आपल्या ऑफिसात एक दिवस बसू द्या. माझ्यापुरतं सांगते: दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी ऑनलाइन सराव मुलाखती घेईन, मराठीतूनही.

चहाच्या टेबलाशी वही ठेवली आहे. नाव, गाव, कामाचा प्रकार लिहा. वही बाईंकडे राहील, त्यामुळे कोणी टाळलं तर त्यांना कळेलच.