आधी नकार लिहा



अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. १९७४ साली याच इचलकरंजीत पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. त्या गावात आज सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिणारे आपण जमलो आहोत, याचा मला मनापासून आनंद आहे. वर्षभराच्या कामाचा आढावा अध्यक्षानं घ्यायचा असतो. छापील अहवाल तुमच्या हातात आहे, तो जरूर वाचा. मला मात्र एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. ती बरीच वर्षं मनात साचली आहे.

आपलं काम सगळ्यांना शेवटी आठवतं. प्रोग्राम तयार होतो, गिऱ्हाइकाला तारीख दिलेली असते आणि आदल्या संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, ‘डॉक्युमेंटेशनचं तेवढं उरकून टाका.’ सूतव्यापाऱ्यांच्या हिशेबापासून सहकारी बँकांच्या काउंटरपर्यंत सगळीकडे मी हेच ऐकलं. वाचतंय कोण, असा त्यामागचा हिशेब. आता वाचणारा आला आहे. एआय एजंट आपला शब्दन् शब्द वाचतो आणि त्यावर विसंबून कामाला लागतो.

अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये एजंटला बाहेरचे प्रोग्राम, म्हणजे टूल, जोडून देणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. त्यात टूल एजंटपुढे येतं ते नाव, वर्णन आणि लागणाऱ्या माहितीचा आराखडा घेऊन. आतला कोड त्याला दिसत नाही. टूल कधी वापरायचं, हे तो मुख्यतः वर्णनावरूनच ठरवतो.

इथल्या एका कापडपेढीवर मी हे डोळ्यांनी पाहिलं. मालकानं स्वतःच्या कार्डांची माहिती काढून देणारं टूल एजंटला जोडून घेतलं होतं. पेढीवरच्या मेहतांनी साधा प्रश्न विचारला, ‘ट्रान्सपोर्टचं बिल कुठल्या कार्डावरून गेलं?’ उत्तरादाखल पडद्यावर सोळाच्या सोळा आकडे आले, मुदतीच्या तारखेसकट. मेहतांना शेवटचे चार पुरले असते. त्यांनी तो संवाद जसाच्या तसा व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेबनिसाला पाठवला. तो आकडा किती ठिकाणी उमटला, हे आता कोण सांगणार? टूलचं वर्णन एका ओळीचं होतं : ‘कार्डाची माहिती आणते.’

सकाळच्या सत्रात काही सहकाऱ्यांनी ठासून सांगितलं की, ही जबाबदारी सुरक्षेवाल्यांची, लेखकाची नाही. कुलूप कोडमध्येच हवं, हे मलाही मान्य आहे. वर्णनातल्या सूचनेनं चोर अडत नाही. पण त्या पेढीवर पुढं काय झालं, ते ऐका. टूल लिहिणाऱ्या तरुणाला मी एवढंच विचारलं, ‘हे काय काय देत नाही, ते सांग. मला पहिल्या परिच्छेदात तेच लिहायचं आहे.’ तो थांबला. कोड उघडून बसला. पूर्ण क्रमांकाचा रकाना त्यानं माझ्यासमोर काढून टाकला. ती दुरुस्ती कुठल्याही तपासणीत निघाली नव्हती. नकार लिहायला बसल्यावर निघाली. म्हणून मी म्हणतो, हे काम लेखकाचंच आहे.

आणि नियम काही आजचे नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कुणालाही ग्राहकांच्या कार्डाचा तपशील साठवता येत नाही. व्यवहार जुळवायला शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. बाकी काम खऱ्या क्रमांकाऐवजी दिलेल्या टोकननं चालवायचं. मागच्या बाजूचा सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर व्यापाऱ्यानं ठेवूच नये, हा कार्डउद्योगाच्या पीसीआय डीएसएस मानकाचा जुना दंडक. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी एप्रिल २०२५ मध्ये एजंटांसाठी ज्या योजना जाहीर केल्या, त्यांचा पायाही टोकनच आहे. यातलं किती आपल्या वर्णनांत उतरलं आहे? टूल काय परत करतं, कुणाच्या संमतीनं करतं, पूर्ण क्रमांक लागलाच तर तो संवादात न येता थेट भरण्याच्या व्यवस्थेकडे कसा जातो, यावर एक ओळही नसते. वर उदाहरण म्हणून कुणाचं तरी खरं कार्ड छापलेलं मी पाहिलं आहे. चाचणीसाठी ४१११ ११११ ११११ ११११ अशा धाटणीचे जगजाहीर क्रमांक असताना!

वर्णन आखूड ठेवा, शब्दागणिक खर्च वाढतो, असा दुसरा आग्रह आहे. या गावात त्याचं उत्तर मागाचे धागे ओवणारा वहिफणीवाला देईल. ओवणीत एक धागा चुकला की तो दोष सगळ्या ताग्यात उतरतो, म्हणून तिथे घाई करणाऱ्याला कुणी बीमपाशी बसू देत नाही. नकाराच्या चार ओळी मी खर्चात धरत नाही.

कार्डविषयक टूलांच्या वर्णनाचा एक मराठी नमुना आपण तयार करावा, असं मला वाटतं. समितीत कोण असावं, हे संध्याकाळी बसून ठरवू. मसुद्याची सुरुवात मी करीन. बँकांशीही बोलावं लागेल. तोवर माझ्यापुरतं ठरलं आहे : ‘हे टूल काय देत नाही’ हा परिच्छेद नसलेल्या वर्णनावर मी सही करणार नाही, मग गिऱ्हाइकाची तारीख उद्याची असली तरी. तुमच्यापैकी ज्यांना हे जाचक वाटतं, त्यांनी दुपारच्या सत्रात माझ्याशी वाद घालावा. मी तिथेच आहे.