मुंबई ते लंडन: अंतर तेच, वेळ वेगळी

मुंबईहून लंडन हवाई मार्गाने साधारण ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला सरळ भागाकाराने आठ तास पुरायला हवेत. पण जाताना बहुधा साडेनऊ तास तरी लागतात आणि परतताना त्याहून कमी. असं का?

कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर जातो. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. शिवाय विमान नेमक्या सरळ रेषेत जातच नाही. एखाद्या देशाचं आकाश बंद असलं, की वळसा आलाच. तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतची सरपटही धरलेली असते, तीही मुंबईत काही थोडी नसते!

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा कैरो आणि जिनिव्हा इथे थांबे होते. आज थेट विमानं आहेत.

तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची, पोचण्याची लंडनची असते. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे जानेवारीत रात्री दोनला निघून साडेनऊ तास उडालात, तरी तिथे सकाळचे सहाच वाजलेले असतात. घ्यायला येणाऱ्यांना तीच वेळ कळवा.