समुद्रांतील कासवें कशीं मोजावींत?

हिवाळ्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास, आंजर्ले, गुहागर येथील पुळणींवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्रीं येतात, वाळूंत अंडीं घालतात आणि पहाटेपूर्वीं समुद्रांत नाहींशा होतात. पूर्वीं हीं अंडीं लोक खणून नेत. वेळासला २००२ पासून तीं राखण्याचें काम सुरू झालें, व घरट्यांची नोंद होऊं लागली. परंतु घरटीं मोजणें म्हणजे कासवें मोजणें नव्हे. एकच मादी एका हंगामांत दोनदांही अंडीं घालते. राखणदार वाढले कीं घरटींही अधिक दृष्टीस पडतात. आणि नर तर किनाऱ्यावर बहुधा येतच नाहींत. मग कासवें वाढत आहेत कीं घटत आहेत, हें ठरवावें कसें?

डेन्मार्कच्या पीटरसन या मत्स्यशास्त्रज्ञानें १८९६ मध्यें खुणा केलेल्या माशांवरून जो मार्ग दाखविला, तो मुळांत त्रैराशिकाचाच आहे. श्रोत्यांनीं असें समजावें कीं, २० माद्यांच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायांस क्रमांकाचे बिल्ले लावून त्यांना सोडून दिलें. पुढें ३० माद्या पाहण्यांत आल्या, त्यांपैकीं ५ बिल्लेवाल्या निघाल्या. ३० मध्यें ५ म्हणजे सहावा हिस्सा. तेव्हां मूळच्या २० याही एकंदरीचा सहावा हिस्साच असाव्यात. एकंदर माद्या १२०.

हें गणित शाळेंतल्या पोरासही येईल. अवघड आहेत त्या अटी. बिल्ला गळून पडूं नये. पांचांतील एकीचा जरी गळाला, तरी हिशेब १२० वरून १५० वर जातो, आणि नसलेल्या ३० माद्या कागदावर जन्मास येतात! खूण केलेली मादी इतरांइतकीच पुन्हां दिसण्याजोगी असावी. आणि मधल्या काळांत बाहेरून कोणी येऊं नये, कोणी निघून जाऊं नये. तळ्यांतील माशांस ही शेवटची अट घालतां येते. समुद्रास कोण घालणार?

जानेवारी २०२५ मध्यें गुहागरला अंडीं घालावयास आलेल्या एका मादीच्या बिल्ल्यावर ०३२३३ हा क्रमांक आढळला. तो बिल्ला २०२१ मध्यें ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांचे समूह अगदीं निराळे मानून हिशेब करणाऱ्यांपुढें तिनें मोठीच अडचण उभी केली. एका मादीवरून अशा किती जणी हिंदुस्थानास वळसा घालतात हें सांगतां येत नाहीं; परंतु कोणीच घालीत नाहीं, असें धरून चालण्याची सोयही आतां राहिली नाहीं. रत्नागिरीच्या कासवांचा अंदाज करावयाचा तर ओडिशाची बिल्ल्यांची वहीही शेजारीं उघडी ठेवावी लागेल.