कांचळीवरचा रुपया



वाशिम जिल्ह्यात मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांमध्ये एखादी म्हातारी अजूनही जुन्या पेहरावात दिसते. फेटिया-कांचळी म्हणजे घागरा-चोळी, नाकात भुरिया, गालांवर लोंबणारी घुगरी-टोपली आणि हातभर पांढऱ्या बलिया. घुगरी-टोपली ही सौभाग्याची खूण, हे पुष्कळांना ठाऊक असतं. मला बोलायचंय ते त्या कापडावर शिवलेल्या कवड्यांबद्दल आणि नाण्यांबद्दल.

कवडी एकेकाळी पैसा होती. मालदीवच्या समुद्रातून ती बंगालच्या बाजारात यायची आणि तिथून पुढे पसरायची. एकोणिसाव्या शतकात तिचा व्यवहार संपला. १८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या मुलखात एकच रुपया चालू केला, तोळाभर वजनाचा आणि बहुतेक सगळा चांदीचा. १९४० मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ च्या रुपयात ती उरलीच नाही. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख पालथा घालणारी बंजाऱ्यांची लदेणी तोवर मोडून गेली होती. रेल्वेनं धंदा नेला. १८७१ च्या कायद्यानं कितीतरी भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो पुसायला १९५२ साल उजाडलं.

ज्यांना एका गावात चार भिंती नव्हत्या, त्यांनी कमाई ठेवायची कुठे? बाईच्या अंगावर. म्हणून चांदी अंगावर आली, रुपया कापडावर आला. इथवर हा सरळ हिशेब आहे. पण पुढे कवडीला बाजारात कुणी विचारेना, तरी ती शिवलेली राहिली. ३० जून २०११ ला चार आण्याचं नाणंही चलनातून गेलं. कांचळीवरचे चार आणे मात्र कुणी उसवले नाहीत. पैसा म्हणून त्यांचं काम संपलं आणि राखण करण्याचं काम उरलं.

कवडी नजर लागू देत नाही, आरसा वाईट दृष्टी परतवतो, असं जुन्या बाया सांगतात. हा अर्थ साऱ्या तांड्याचा. आपल्याकडे चौकटीवरचा घोड्याचा नाल, नव्या घराला काळ्या दोऱ्यात बांधलेला बिब्बा, यांचा अर्थही असाच सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच्या आत आणखी एक अर्थ असतो आणि तो एकाच माणसाकडे असतो. हा रुपया आईनं लग्नात दिला, हा पहिलं लेकरू झालं तेव्हा भावानं आणला. शेजारणीच्या कांचळीवर तसाच रुपया असेल, त्याच राजाच्या छापाचा. तरी तो हा नव्हे. माझ्या मते त्या रुपयाचं बळ या दुसऱ्या अर्थात आहे.

हे मी माझ्या घरातही पाहिलं. आमचं घर शेतकऱ्याचं. बैलजोडी विकली, मशागत ट्रॅक्टरवर गेली. बैलाची पितळी घागरमाळ मात्र माजघरात खुंटीला आहे. दर पोळ्याला आजी ती चिंचेनं घासायची, हळद-कुंकू लावायची. पितळेला चांगला भाव होता, म्हणून घरात एकदा विकायची गोष्ट निघाली. आजी म्हणाली, "बैल गेले, पण घर तं हाये ना." पुढे कुणी तो विषय काढला नाही. ती माळ कोणत्या बैलाच्या गळ्यातली, कोणत्या सालच्या पोळ्याला घेतलेली, हे तिनं आम्हाला सांगून ठेवलं होतं, म्हणूनच ती राहिली असं मला वाटतं.

सांगून ठेवलेलं नसलं की काय होतं, तेही या जिल्ह्यात दिसतं. पाऊस दगा देतो, सोयाबीन हातचं जातं, आणि ट्रंकेतली चांदी सराफाकडे निघते. गरज असते, त्यात दोष कुणाचा? सराफ वजन करतो, घट धरतो, पैसे देतो. त्या पैशांतून मुलाची फी भरली जाते. पण ती चांदी कुणाची होती हे माहीत असलं, तर निदान एक रुपया बाजूला काढला जातो. माहीत नसलं की सगळीच आटणीत जाते.

बंजारा समाजाची काशी असलेल्या पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालय खुलं झालं. समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या दर्शनाला, रामनवमीच्या यात्रेला जाल तेव्हा लेकरांना घेऊन ते अवश्य पाहा. समाजाचा इतिहास तिथे जपला जाईल. तुमच्या याडीच्या म्हणजे आईच्या, किंवा तुमच्या आजीच्या ट्रंकेतलं मात्र तिलाच विचारावं लागेल.

आज संध्याकाळी विचारा. ट्रंक उघडायला लावा. फडक्यात बांधलेली बाळाची मनगटी असेल, तुटलेला पैंजण असेल, बिनकामाची किल्ली असेल. एकेक वस्तू तिच्या हातात द्या आणि फोनवर तिचं बोलणं भरून घ्या. कुणी दिली, कधी दिली, का ठेवली. ती बंजाऱ्यांच्या गोरमाटीत बोलली तर गोरमाटीत असू द्या, वऱ्हाडीत बोलली तर वऱ्हाडीत. मग एका चिठ्ठीवर तिचं नाव लिहून ती चिठ्ठी त्याच फडक्यात बांधा.