कावेरीकाठची कणी आणि जगाचा वराहबाजार



तिरुवैयारु हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातपिकाचे गाव. संतकवी त्यागराजांच्या काळी येथे तंजावरच्या भोसले घराण्याची सत्ता होती. त्या प्रांतातील छत्रांतून वाटसरूंना अन्न मिळे. आज अन्नाची हमी शिधावाटप दुकानांतून दिली जाते. दोहोंचा आधार एकच : कुरुवै आणि सांबा हंगामांतील भात.

या भाताचा आणि डुकराच्या मांसाचा काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. हा संबंध पशुखाद्यातून येतो. जगातील जवळपास निम्मी डुकरे चीनमध्ये आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथे आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ आली व कळप मोठ्या प्रमाणावर घटले. २०२०-२१ मध्ये ते पुन्हा उभे राहू लागताच मक्याची मागणी वाढली, भाव चढले आणि खाद्य उत्पादकांची दृष्टी स्वस्त पर्यायाकडे, म्हणजे भारतीय कणीकडे वळली.

भारताची कणीची निर्यात एप्रिल-ऑगस्ट २०१९ मध्ये ०.५१ लाख टन होती. २०२२ च्या त्याच काळात ती २१.३१ लाख टनांवर गेली. युक्रेन युद्धामुळेही धान्यबाजार तापला होता. देशात कणीचा दर किलोला सुमारे १६ रुपयांवरून २२ रुपयांवर गेल्याने कुक्कुटपालन अडचणीत आले. सप्टेंबर २०२२ मध्ये शासनाने कणीच्या निर्यातीवर बंदी घातली; ती मार्च २०२५ मध्ये उठली.

बंदीने ग्राहकाला दिलासा मिळाला, हे खरे. परंतु कणीला भाव असेल तरच गिरणीला भाताला अधिक दर देणे परवडते. म्हणजे एकाच निर्णयात ग्राहकाचे हित आणि उत्पादकाचे उत्पन्न यांचा ताळमेळ घालावा लागतो.

यावर टिकाऊ उपाय शेताजवळच आहे. कुरुवैची कापणी अनेकदा पावसात सापडते. खरेदी केंद्रावरील आर्द्रतेची सर्वसाधारण मर्यादा १७ टक्के आहे. ओले भात घाईने वाळवल्यास दाण्याला चिरा पडतात व भरडताना कणी वाढते. वाळवणी यंत्रे आणि झाकलेली साठवण केंद्रांपाशी उपलब्ध झाली, तर अखंड तांदूळ अधिक मिळेल. पशुखाद्यासाठी मक्याचे उत्पादन वाढल्यास कणीवरील ताणही हलका होईल.

दूरच्या देशातील मागणी रोखता येत नाही. आपल्या दाण्याची नासाडी मात्र रोखता येते. अन्नसुरक्षेचा आरंभ तेथूनच होतो.