लुंबिनी पाहून आलो, आता पुढे काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वस्तीतले आम्ही चौदा जण नेपाळातील लुंबिनीला जाऊन आलो. त्या प्रवासाबद्दल दोन शब्द बोलावेत अशी समितीची सूचना आहे. आमच्यापैकी कोणीही त्याआधी देशाची सीमा ओलांडली नव्हती, म्हणून ऐकण्याची उत्सुकता सर्वांना आहे हे आम्ही जाणतो.

पण निघण्यापूर्वी याच विहारात जो वाद झाला, तो आधी सांगितला पाहिजे. एका तरुणाने सरळ विचारले, "बाबासाहेबांनी आपल्याले तीर्थयात्रेतून सोडवलं, अन् तुम्ही पुन्हा यात्रेलेच चालले काय? एवढ्या पैशात पोरांची पुस्तकं नाही येत?" प्रश्न झोंबला. उत्तर आमच्याजवळ नव्हते. थोड्या रागातच आम्ही घर सोडले म्हणा ना.

नागपूरहून रेल्वेने गोरखपूर गाठले. तिथून सुमारे शंभर किलोमीटर बसने सुनौली. आपल्या लोकांना नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. निवडणुकीचे ओळखपत्र दाखवले तरी चालते. कमानीखालून पायी गेलो आणि परदेश लागला! घड्याळे पंधरा मिनिटे पुढे केली. आमच्यासोबतच्या आजी म्हणाल्या, "मायबाई, हे तं आपल्यासारखंच हाये. तशीच वावरं, तशीच ढोरं." सीमेपलीकडे भैरहवा हे गाव आहे. तेथून वीस-बावीस किलोमीटरवर लुंबिनी.

लुंबिनीचा परिसर विस्तीर्ण व शांत आहे. 1967 साली संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट, जे स्वतः ब्रह्मदेशाचे बौद्ध, ते येथे आले आणि या स्थळाच्या विकासाला जगाचे पाठबळ मिळाले. जपानचे वास्तुशिल्पी केन्झो तांगे यांनी 1978 मध्ये आराखडा पूर्ण केला. मधोमध लांब कालवा आहे. पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायान परंपरेचे. थायलंड, म्यानमार, श्रीलंका, चीन, कोरिया, जर्मनी, प्रत्येकाची बांधणी वेगळी. एका दिवसात अर्धे जग पाहिल्यासारखे वाटते. 1997 पासून लुंबिनी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मायादेवी मंदिराच्या आत जुन्या विटांचे पाये आहेत आणि जन्मस्थानाची खूण मानलेला दगड आहे. त्याच पायांखाली उत्खनन करणाऱ्यांना त्याहून जुन्या लाकडी बांधकामाच्या खुणा सापडल्या, हे 2013 साली जाहीर झाले. बाहेर पुष्करिणी आहे, आणि जवळच सम्राट अशोकाचा स्तंभ.

बंधू-भगिनींनो, त्या स्तंभाजवळ जे घडले ते सांगायलाच आम्ही उभे आहोत. आम्ही फोटो काढण्यात दंग होतो. कोणी नाणे टाकायला जागा शोधत होते, कोणी कठड्याला कपाळ टेकवत होते. आजींनी विचारले, "काहून बापू, या दगडावर काय लिवलं हाये?" आमच्यात शिकलेले, नोकरीतून निवृत्त झालेले लोक होते. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. अक्षरे ब्राह्मी, भाषा प्राकृत! शेवटी नववीत शिकणाऱ्या आमच्या एका मुलीने बाजूच्या फलकावरचा इंग्रजी अनुवाद वाचला आणि मराठीत समजावून दिला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर अशोक स्वतः येथे आला. बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून त्याने वंदन केले आणि शिलास्तंभ उभारला. शिवाय लुंबिनी गावाचा बली नावाचा कर माफ केला व पिकातला राजाचा हिस्सा आठव्या भागावर आणला.

आजी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे राजा इथं मागाले नाही आला. गावाले देऊन गेला."

आमच्या वादाचे उत्तर त्या माउलीने दिले, जिला सही करता येत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. हा लेख शेकडो वर्षे मातीखाली होता. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग सातव्या शतकात येऊन गेला, त्याने वीज पडून मोडलेल्या स्तंभाचे वर्णन लिहून ठेवले. पुढे लोक विसरले. गावाचे नाव रुम्मिनदेई झाले आणि बुद्धजन्माच्या शिल्पातील मायादेवीला ग्रामदेवता समजून लोक पुजू लागले. 1896 साली स्तंभाभोवतीची माती काढली तेव्हा लेख वाचता आला. पूजा चालू होती, पण ओळख हरवली होती. वाचता येणे बंद झाले की असे होते.

बाबासाहेबही परदेशी बौद्ध देशांत गेले. 1950 मध्ये श्रीलंका, 1954 मध्ये ब्रह्मदेश, आणि नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडू. तेथे 20 नोव्हेंबरला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. प्रकृती साथ देत नसताना ते गेले, ते नवस फेडायला नव्हे. धम्म इतर देशांत कसा जगतो ते पाहायला, आणि आपले म्हणणे जगापुढे मांडायला गेले.

म्हणून त्या तरुण मित्राला आज सांगतो, तुझा प्रश्न बरोबर होता. पाहायला जावे, वाचायला जावे. मागायला जाऊ नये. आणि दूरचे पाहताना जवळचे विसरू नये. आपल्याच तिवसा तालुक्यात वर्धा नदीकाठी कौंडण्यपूर आहे. तेथील उत्खननात दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे अवशेष निघाले. भंडारा जिल्ह्यातील पवनीला 1969-70 मध्ये स्तूप उजेडात आला. बुलढाणा जिल्ह्यातील भोन येथेही विटांचा स्तूप सापडला. आपल्यापैकी किती जणांनी ही ठिकाणे पाहिली? आम्ही चौदा जणांनीही नाही!

परतीच्या गाडीत आम्ही ठरवले ते असे. आमच्यापैकी प्रत्येक घर दरवर्षी विहाराच्या ग्रंथालयाला निदान एक पुस्तक देईल. पुढच्या उन्हाळ्याआधी मुलांना कौंडण्यपूर आणि पवनी दाखवू, खर्च आम्ही मोठ्यांनी करायचा. आणि दर रविवारी विहारात ब्राह्मी अक्षरे शिकवण्याचा वर्ग सुरू करू. त्या वर्गात पहिले नाव आजींनी लावले आहे. आधी मराठी, मग ब्राह्मी, असे त्यांनीच सांगितले.

एवढे बोलून आमचे मनोगत संपवतो. जय भीम! नमो बुद्धाय!