यात्रेतला पडदा आणि बायकांची जागा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कालपासून आपण मारहाण, पोटगी, मालमत्तेतला वाटा यांवर बोलतो आहोत. आता मला विषय दिला आहे तो यात्रेत उघड्यावर दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांचा आणि कार्यक्रमांचा. काहीजणींच्या मनात येईल की एवढ्या कामाच्या रगाड्यात हे कुठून काढले? पण ज्या बाईला घरच्यांनी वर्षभर दवाखाना, रेशन आणि शेत एवढ्यासाठीच उंबऱ्याबाहेर पाठवलेले असते, ती बाई यात्रेच्या दिवशी नुसती बसायला, बघायला, हसायला बाहेर पडते. ती तिथे किती वेळ बसू शकते, कुठे बसते आणि कुणाच्या परवानगीने बसते, हा आपल्या कामाचाच प्रश्न आहे.

थोडा इतिहास पाहू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा पहिला खेळ झाला. काही दिवसांतच नॉव्हेल्टी थिएटरात खेळ सुरू झाले, तेव्हा पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे बॉक्स ठेवले होते. म्हणजे आपल्याकडे सिनेमा आला तोच बायकांची जागा वेगळी काढून. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळाली नाही. साळुंके नावाच्या पुरुषाने ते काम केले. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. पडद्यावर बाई एवढ्या लवकर आली. पडद्यासमोर, मोकळ्या मैदानात, तिला नीट बसायला मिळाले का, हे मात्र आजही विचारावे लागते.

टुरिंग टॉकीज तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. ट्रकवर तंबू, पडदा, मशीन आणि कर्णे घालून ही मंडळी यात्रा-यात्रांना फिरत. साताऱ्याकडच्या पुसेगाव, पालीसारख्या यात्रांत हे तंबू शेजारी शेजारी लागत. पुढे रिळे गेली आणि डिजिटल यंत्रे आली. या फिरत्या सिनेमावाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली आला. गणेशोत्सवात रस्त्यावर पांढरा कपडा बांधून सिनेमा दाखवायची पद्धतही जुनीच. आमच्या भागातल्या वयस्क बायका सांगतात की गर्दी झाली की पुरुष समोर बसत आणि बायकापोरे पडद्याच्या मागे. चित्र उलटे दिसे, नायकाचा उजवा हात डावा होई, नावे तर वाचताच येत नसत. "पण गाणी सुलट ऐकू यायची," असे एक आजी म्हणाल्या. आम्ही हसलो. नंतर त्यांनीच सांगितले, की समोरच्या बाजूला येऊन बसायचे कुणाला सुचलेच नाही.

आता आमच्या गावाचे सांगते. तालुक्याचे गाव आहे, यात्रा पाच दिवसांची. यात्रेसाठी दर घराकडून पट्टी गोळा होते. विधवा बाईचे घर असो की टाकून दिलेल्या बाईचे, पट्टी चुकत नाही. त्या पैशातून कुस्त्यांचा फड, ऑर्केस्ट्रा, तमाशा आणि एका रात्री पडद्यावरचा सिनेमा होतो. तमाशा ठरवायला कमिटीची माणसे नारायणगावला जातात. तिथे फडांच्या राहुट्या लागतात, सुपारी दिली जाते. कमिटीत एकही बाई नाही. आज स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यामुळे सरपंच किंवा नगराध्यक्ष बाई असू शकते. पण यात्रा कमिटी कुठल्या कायद्याने बनत नाही, ती पारावर बनते.

दोन वर्षांपूर्वी सिनेमाच्या रात्री काही टोळक्यांनी कॉलेजच्या मुलींना त्रास दिला. दुसऱ्या वर्षी कमिटीने निर्णय घेतला की रात्रीच्या कार्यक्रमांना बायकामुलींनी येऊ नये, त्यांच्यासाठी दुपारी हळदीकुंकू आणि रांगोळी स्पर्धा ठेवू. त्रास कोणी दिला हे गावाला ठाऊक होते. बंदी आली ती मुलींवर. आणि हे सगळे 'सुरक्षितता' या चांगल्या शब्दाखाली झाले, त्यामुळे आयांनाही ते पटले.

आमच्या बचत गटांच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा पहिल्या बैठकीत निम्म्या बाया कमिटीच्याच बाजूच्या होत्या. "रात्री कशाला जायचं, सिनेमा मोबाइलवर बघता येतो की," असे एकीने म्हटले. तेव्हा दुसरीने विचारले, "मोबाइल कुणाच्या हातात असतो गं तुझ्या घरी?" त्यावर बराच वेळ बोलणे झाले. मोबाइल नवऱ्याकडे, नाहीतर मुलाकडे. बाईला मिळाला तरी भाकरी थापताना, मान वळवून. चारचौघींबरोबर बसून, एकाच वेळी हसून किंवा डोळे पुसून पाहणे ही वेगळी गोष्ट आहे. १९९१ साली 'माहेरची साडी' पाहायला गावोगावच्या बायका गाड्या करून गेल्या. त्या सिनेमातल्या सोशिक सुनेवर आपल्या चळवळीने टीका केली, ती रास्तच आहे. पण त्या निमित्ताने बायका एकत्र घराबाहेर पडल्या आणि मनसोक्त रडल्या, तेही लक्षात ठेवायला हवे.

बैठकीतून तीन मागण्या ठरल्या. पट्टी आमचीही आहे, म्हणून एक संध्याकाळ आमच्या पसंतीची. त्रास देणाऱ्यांचा बंदोबस्त कमिटीने आणि पोलिसांनी करायचा, मुलींनी घरी बसून नव्हे. आणि कमिटीत बायका हव्यात. पहिली मागणी मान्य झाली. दुसरीवर तोंडी आश्वासन मिळाले. तिसरीवर हसण्यावारी नेले.

त्या संध्याकाळी 'उंबरठा' लावला. १९८२चा जब्बार पटेलांचा सिनेमा, स्मिता पाटील त्यात महिलाश्रमाची अधीक्षक होते. मला थोडी धाकधूक होती की मारामारी नसलेला सिनेमा मैदानात चालेल का. बायका शांत बसून राहिल्या. नंतर पडद्याखालीच गप्पा सुरू झाल्या. "नोकरी केली ते बरोबर, पण लेकरू टाकून?" असे एक म्हणाली. लगेच मागून आवाज आला, "आणि नवऱ्यानं दुसरी बाई केली, त्याचं काय?" शिबिरात आम्ही तासभर समजावूनही जो मुद्दा निघत नाही, तो तिथे आपोआप निघाला. 'मुलगी झाली हो' हे स्त्री मुक्ती संघटनेचे नाटक १९८३पासून चौकाचौकांत हेच काम करत आले आहे.

आता व्यवहाराच्या गोष्टी, कारण याच गोष्टींवर सगळे अडते.

अर्ध्या तासानंतर काही बाया उठू लागल्या, तेव्हा आम्ही दाराशी उभे राहून कारणे विचारली. सिनेमा आवडला नाही असे एकीनेही सांगितले नाही. लघवीला जागा नाही, घरी माणसे जेवायची आहेत, वस्तीवर जायचा रस्ता अंधारा आहे, एवढीच कारणे होती. म्हणून कार्यक्रम ठरवताना आधी संडास-मुतारीची सोय बघा, ती उजेडात आणि बायकांच्या बाजूला हवी. मैदानाच्या कडांना आणि वाटेवर दिवे हवेत. वस्त्यांवर परत सोडायला टेम्पो ठरवा. सिनेमा संध्याकाळी सातला सुरू करा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, ती सवलत मिळाली तरी बारापर्यंतच आणि वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती. सिनेमा सेन्सॉर प्रमाणपत्र असलेला आणि हक्कदाराची परवानगी घेऊनच लावा, नाहीतर कुणीतरी त्याच कारणाने कार्यक्रम बंद पाडेल. पोलिसांना पत्र द्या आणि पोच घ्या.

बायकांची वेगळी बाजू ठेवावी का, यावर आमच्यात मतभेद आहेत. दोर बांधला तर घरचे पाठवतात. पण दोर म्हणजे सगळे मैदान पुरुषांचे आणि एक कोपरा आपला, असेही होते. आम्ही सध्या दोर ठेवला आहे, मात्र तो पडद्याच्या अगदी मधोमध, म्हणजे निम्मी जागा समोरची आपली.

शेवटी तमाशातल्या बायकांबद्दल. त्या आपल्याच यात्रेत रात्रभर नाचतात, आणि कपडे बदलायला कनातीची आडबाजू, झोपायला ट्रकचा आडोसा. आपण त्यांच्याकडे कधी गेलो नाही, कारण चांगल्या घरच्या बायका तिकडे जात नाहीत असे आपल्यालाही शिकवलेले आहे. पाणी, संडास आणि दार लावता येईल अशी खोली ही मागणी पुढच्या वर्षी कमिटीपुढे आपण मांडायची आहे. त्यासाठी आधी त्या बायकांशी बोलावे लागेल, त्यांना काय हवे ते त्याच सांगतील.

तुमच्या गावची यात्रा कधी आहे, पट्टी किती आहे, कमिटीत कोण आहे आणि गेल्या वर्षी बायका किती वाजता उठून गेल्या, एवढी माहिती पुढच्या बैठकीला प्रत्येकीने लिहून आणावी. त्यावरून कुठे काय मागायचे ते आपण मिळून ठरवू.